अंगठा

भार्गव म्हणाला, आत्या, मोबाईल दे जरा.
पाच मिनिटांत त्यात
अंबादासचा टीव्ही गेम भरून आणला.

तोच. गड्ड्यावरून साडेसहाशेला आणलेला.
डब्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ लिहिलेले,
आत मोजून अकरा.
बाकी तेच ते, कपडे बदलून आलेले.

मी विचारलं, यंत्र कुठंय?
यंत्र नाही आत्या, इम्युलेटर. यंत्राची नक्कल.
मोबाईल यंत्रासारखा वागतो,
खेळाला वाटतं आपण घरीच आहोत.
म्हणजे त्याला कुणी सांगितलंच नाही?
भार्गव हसला.

साखर पेठेतल्या भिंतीपलीकडचे आठ माग
किलोवर भंगारात गेले,
अम्मा गेली,
अंबादास भिवंडीला गेला,
आणि हा चौकोनी रणगाडा
विटांच्या आडोशाला तसाच उभा,
शहाण्णवच्या उन्हाळ्यात,
कुणीतरी बटण दाबेल म्हणून.

तेव्हा मी खेळले नव्हते.
माझ्या मांडीवर सूप होतं.
सुपात पानं, तंबाखू, कात्री, पत्रा,
अंधार पडायच्या आत हजार.
अर्धा डोळा सुपात, अर्धा पडद्यावर.
कुठल्या विटेमागे काय लपलंय, मला पाठ.
तिसऱ्या पुलाशी अंबादास हमखास मरायचा.
डावीकडनं हाण की, मी म्हणायची.
तू गप बिड्या वळ बे, तो म्हणायचा.
कॅसेट अडली की मात्र फुंकर माझी.
त्याची ओली पडायची.
माझ्या फुंकरीत तंबाखू असायची,
खेळाला तरतरी यायची बहुतेक.

एकदा बाविसाव्या टप्प्यावर लाईट गेली.
सतरा वर्षांचा बाप्या, ढसाढसा रडला.
आता भार्गव सांगतो, इथे सेव्ह कर,
मेलीस तर इथूनच उठशील.
आमच्याकडं, म्हटलं, मुनीमनं एकदा छाट काढली
की ती बिडी परत मोजत नव्हते.
त्याला छाट म्हणजे काय, तेही सांगावं लागलं.

परवा रेशनच्या दुकानात पुन्हा तेच.
अंगठा जुळत नाही.
पुसा. परत लावा. दुसरं बोट लावा.
तीस वर्षांच्या पानांनी रेषा खाऊन टाकल्या;
मी मी नाही, हे दर महिन्याला
रांगेत सगळ्यांदेखत ऐकायचं.

रात्री सगळे झोपल्यावर
चादरीत तोंड खुपसून खेळ लावला
आणि दचकले.
याला गाणं आहे!
मागे सगळा वेळ एक बारीक चाल वाजते,
वर चढते, अडखळते, फिरून येते.
चार उन्हाळे मी ऐकलं ते
खटक-खटाक, खटक-खटाक.
तेच या खेळाचं संगीत, असं धरून चालले होते.
मागांनी हे गाणं उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नव्हतं.

आवाज बंद केला.
तोंडानेच खटक-खटाक म्हणत बसले.
या काचेला पुरावा लागत नाही.
अंगठा टेकवला की रणगाडा वळतो,
उचलला की थांबतो.
कात्रीची घाई अजून बोटांत आहे.
तिसरा पूल पहिल्याच दमात गेला.
डावीकडून.

रात्रपाळीला असतो, म्हणून लगेच फोन लावला.
कोण? मोठ्यानं बोल!
पूल, म्हटलं. पूल पार झाला रे.
कुठला पूल?
मागे त्याचे माग चालू होते.
हॅलो, तो म्हणाला. हॅलो. काय झालं? बरी आहेस ना?
हो, म्हटलं.
आणि थोडा वेळ
फोन ठेवलाच नाही.